गायकाच्या कानात काय जातंय? घरच्या स्टुडिओतलं हेडफोन मिक्स आणि रेकॉर्डिंगची घडी

गाणं बिघडलं की दोष आधी माइकला लागतो, मग खोलीला आणि शेवटी गायकाच्या रियाजाला. त्या वेळी त्याच्या हेडफोनमध्ये काय वाजत होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. उतरलेला सूर, ठेक्याच्या मागे पडलेला अंतरा, दबकत गायलेला मुखडा, यातलं बरंच काही कानात भलतंच ऐकू गेल्यामुळे होतं. महागडा माइक आणून ते सुटत नाही. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या दोन-चार जोडण्या नीट समजून घेतल्या की सुटतं, आणि त्याला पैसा लागत नाही.

नागपुरात मानेवाड्यापासून जरीपटक्यापर्यंत कुठल्याही वस्तीत आता घराच्या मागच्या खोलीत थाटलेला स्टुडिओ सापडतो. एक लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी आणि परत हेडफोनला देणारी डबी), एक कंडेन्सर माइक, भिंतीला फोम नाहीतर सरळ जुन्या गाद्या. कामही वर्षभर असतं. १४ एप्रिलच्या आधी भीमगीतं, नवरात्रात देवीची गाणी, दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांची, आणि मधल्या दिवसांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं. इथे उदाहरण भजनी मंडळाचंच घेतो, कारण त्यात सगळ्या अडचणी एकदम भेटतात: मुख्य गायक, पेटी, तबला किंवा ढोलक, खंजिरी आणि मागून धरणारे तिघे-चौघे.

आवाजाच्या तीन वाटा

माइकमधून आलेला आवाज रेकॉर्डिंग चालू असताना तीन ठिकाणी जातो. एक वाट हार्ड डिस्ककडे, म्हणजे जे कायमचं राहणार आहे तिकडे. दुसरी तुमच्या, म्हणजे रेकॉर्डिस्टच्या कानाकडे. तिसरी गायकाच्या कानाकडे. या तिन्हींचे कान पिळायची जागा वेगवेगळी आहे. पहिल्या वाटेवर गेन, म्हणजे माइकचा आवाज आत किती घ्यायचा ती इंटरफेसवरची मूठ. दुसऱ्या वाटेवर फेडर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली आवाज वर-खाली करायची पट्टी. तिसऱ्या वाटेवर सेंड, म्हणजे त्याच आवाजाचा दुसरीकडे पाठवलेला फाटा.

नवा माणूस तिन्ही एकच समजतो. गायक म्हणतो, ‘माझा आवाज वाढवा’, आणि हा इंटरफेसवरचा गेन पिळतो. गायकाला बरं वाटतं, तो मोकळा होतो, आणि पुढच्या चढ्या ओळीला रेकॉर्डिंग फाटतं. फाटलेला आवाज नंतर कुठल्याही प्लगइनने (सॉफ्टवेअरमध्ये आवाजावर काम करणाऱ्या जोडप्रोग्रामने) पूर्ण शिवता येत नाही.

म्हणून गेन एकदाच लावायचा. गायकाला गाण्यातली सगळ्यात वरची ओळ पूर्ण ताकदीने गायला लावा आणि मीटरवर टोक उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवा (शून्याला आवाज फाटतो). तालमीत माणूस हात राखून गातो, रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की तोच माणूस चढतो, म्हणून ही मोकळी जागा. आवाज कमी भरेल ही भीती जुनी आहे. १६ बिटच्या रेकॉर्डिंगचा आवाका, म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, कागदावर ९६ डेसिबल, २४ बिटचा १४४. २४ बिटमध्ये थोडं खाली रेकॉर्ड केल्याने काहीच हरवत नाही. गेन लागला की त्याला हात लावायचा नाही, कुणी काहीही म्हणो.

फेडरचं उलट आहे. तो कितीही वर-खाली करा, फाइलमध्ये जाणारा आवाज तसाच राहतो. फेडर फक्त ऐकण्यासाठी असतो. मग पुढचा प्रश्न येतो, कुणाच्या ऐकण्यासाठी?

प्री-फेडर, पोस्ट-फेडर

तुम्हाला ऐकायचं असतं ते दोष शोधण्यासाठी. पेटीचा भाता कुरकुरतोय का, ‘प’ आणि ‘फ’ला माइकवर फुंकर बसतेय का. त्यासाठी तुम्ही गायकाचा आवाज वर आणता, ढोलक खाली घेता, मध्येच काही तरी बारीक करता. गायकाला मात्र गाणं धरून ठेवायला दोनच गोष्टी लागतात, सूर आणि सम. त्याच्या कानातलं मिक्स श्रोत्याला देण्याच्या लायकीचं असायची गरज नाही. बऱ्याचदा ते ऐकायला वेडंवाकडंच असतं: पेटी नको तितकी पुढे, ढोलकाचा घुमारा छाटलेला, टाळ जवळपास गायब. त्यावर तो सुरात गातोय ना, मग ते मिक्स बरोबर.

आता तुमचा फेडर हलला की गायकाचं जगही हललं तर कसं चालेल? इथे सेंडची जात कामाला येते. गच्चीवरच्या टाकीतून न्हाणीघरात पाइप उतरतो आणि त्याला एक तोटी असते. तोटीच्या पुढून फाटा काढला तर तोटी बंद करताच फाट्याचंही पाणी बंद. तोटीच्या आधी फाटा काढला तर तोटी कशीही फिरवा, फाट्याला पाणी येतच राहतं. फेडर ही तोटी. पोस्ट-फेडर सेंड तोटीच्या पुढचा फाटा, प्री-फेडर सेंड आधीचा. गायकाच्या हेडफोनला जाणारा सेंड नेहमी प्री-फेडर ठेवायचा. याला अपवाद मला तरी फारसा सापडलेला नाही.

रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये हे असं करतात. एक नवा ट्रॅक घ्या, नाव द्या ‘कान – गायक’. त्याच्या राउटिंगच्या (आवाज कुठून कुठे जातो त्याच्या) खिडकीत मास्टर सेंडची, म्हणजे मुख्य आउटपुटकडे जाणाऱ्या वाटेची, खूण काढून टाका, नाहीतर गायकाचं मिक्स तुमच्याही स्पीकरवर चढेल. तिथेच हार्डवेअर आउटपुट जोडा, इंटरफेसला चार आउटपुट असतील तर ३-४. मग बाकीचे सगळे ट्रॅक एकदम निवडा आणि त्यातल्या एकाचं राउट बटण ओढून ‘कान – गायक’वर सोडा. सगळ्यांचे सेंड एका झटक्यात तयार होतात. प्रत्येक सेंडचा प्रकार पोस्ट-फेडरवरून प्री-फेडर करा. दर वेळी बदलायचा कंटाळा येत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये नव्या सेंडचा मूळ प्रकारच बदलून ठेवता येतो. आता ‘कान – गायक’ ट्रॅकवर येणाऱ्या सेंडांच्या पट्ट्या म्हणजे गायकाचा मिक्सर. तुमचे फेडर वेगळे, त्याच्या पट्ट्या वेगळ्या.

क्यूबेस प्रो या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी कंट्रोल रूम नावाची वेगळी सोयच आहे, तिथे चार जणांना चार मिक्स देता येतात. लॉजिकमध्ये सेंडच्या यादीतूनच प्री-फेडर निवडता येतं. प्रो टूल्समध्ये ‘कॉपी टू सेंड’ ही आज्ञा फार कामाची: तुमच्या मिक्सची आजची पातळी जशीच्या तशी गायकाच्या सेंडवर उतरते, मग तिथून त्याच्या मर्जीप्रमाणे फिरवायचं. सुरुवात कोऱ्या पाटीवरून करावी लागत नाही.

सोलो (एकच ट्रॅक ऐकवणारं बटण) आणि म्यूट (ट्रॅक मुका करणारं बटण) मात्र सांभाळून. टेक, म्हणजे रेकॉर्डिंगची एक फेरी, चालू असताना तुम्ही ढोलक तपासायला सोलो दाबलं तर पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये गायकाच्या कानातूनही बाकी सगळं जातं. म्यूटचीही तीच गत, प्री-फेडर असला तरी. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये काय होतं ते गायक यायच्या आधी स्वतः हेडफोन घालून बघून घ्या. माझा नियम सरळ आहे: लाल दिवा लागलेला असताना सोलोला हात नाही.

बुवांना काय हवं असतं

मंडळातले मुख्य गायक बहुतेक वेळा वयाने मोठे असतात, आणि हेडफोन घालून गायची सवय नसते. आयुष्यभर समोर पेटी, बाजूला खंजिरी आणि पुढ्यात माणसं अशी गायकी. त्यांच्या डोक्यावर दोन वाट्या चढवल्या की पहिली तक्रार ठरलेली.

‘‘मले माहा आवाजच ऐकू नाही येऊन राहिला ना भाऊ.’’

‘‘थांबा काकाजी, वाढवतो. आता पाहा बरं.’’

‘‘हां, आला. पण आता खंजिरी कानात टोचून राहिली.’’

याचा अर्थ लावायला शिकलं पाहिजे. ‘माझा आवाज येत नाही’ म्हणजे दर वेळी आवाज वाढवायचा असतो असं नाही. पुष्कळदा आवाज येत असतो, पण ढोलकाचा धुमार आणि पेटीचा मधला पट्टा त्याला झाकत असतो. आधी ती दोन खाली घ्या, मग गायकाला विचारा. सगळं वाढवत गेलं की पंधरा मिनिटांत हेडफोन किंचाळायला लागतो आणि तोच आवाज माइकमध्ये शिरतो.

स्वतःचा आवाज कानात फार मोठा आला की गायक आपोआप दबून गातो, आणि बऱ्याच जणांचा सूर खाली झुकतो. फार कमी आला की ओरडतो, घसा ताणतो, सूर वर सरकतो. म्हणून सूर सतत एकाच बाजूला पडत असेल तर गायकाला टोकण्याआधी त्याच्या सेंडची पट्टी तीन-चार डेसिबल हलवून बघा. ‘काकाजी, सूर उतरतोय’ असं लाल दिव्यासमोर ऐकलेला माणूस पुढचे दोन टेक सूरच सांभाळत बसतो, भजन बाजूला राहतं.

सुरासाठी पेटीपेक्षा तानपुरा बरा. गायकाची पट्टी काळी दोन असो की पांढरी पाच, त्या षड्जाचा तानपुरा मोबाइल ॲपमधून किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यातून एका ट्रॅकवर दोन-चार मिनिटं रेकॉर्ड करून ठेवा आणि फक्त ‘कान – गायक’कडे पाठवा. अंतिम गाण्यात तो ठेवायचा की नाही, नंतर ठरवा.

बरेच जुने गायक एक कान उघडा ठेवतात. त्यांना तसंच गाऊ द्या. उघड्या हवेतला आपला आवाज ऐकूनच त्यांनी जन्म काढलेला असतो. फक्त एक काळजी घ्या: कानावरून सरकवलेली वाटी माइकच्या दिशेने गळत असते. ‘कान – गायक’ ट्रॅकचा पॅन (आवाज डाव्या-उजव्या कानात वाटणारी मूठ) पूर्ण एका बाजूला फिरवा, म्हणजे उघडी वाटी मुकी होईल. त्याआधी ट्रॅक मोनो (दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र) करून घ्या, नाहीतर दुसऱ्या बाजूची वाद्यं गायकाला ऐकूच येणार नाहीत.

मिलीसेकंदांचा घोळ

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारा भाग, लेटन्सी. माइकमध्ये गेलेला आवाज कॉम्प्युटरमधून फिरून हेडफोनला यायला जो उशीर लागतो तो. हा उशीर का होतो? कॉम्प्युटर आवाज एकेक नमुना (सॅम्पल) करून हाताळत नाही. तो ठरावीक सॅम्पलांचा गठ्ठा भरेपर्यंत थांबतो, मग पूर्ण गठ्ठ्यावर काम करतो. गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. सेकंदाला ४८,००० सॅम्पल असतील आणि बफर २५६ असेल, तर एक गठ्ठा भरायला २५६ भागिले ४८,००० सेकंद, म्हणजे साधारण ५.३ मिलीसेकंद लागतात. आत येताना एक, बाहेर जाताना एक, म्हणजे १०.७. त्यात इंटरफेसच्या कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकडे करणाऱ्या भागाचा) आणि ड्रायव्हरचा (इंटरफेस कॉम्प्युटरला जोडणाऱ्या प्रोग्रामचा) वेळ धरला की बारा-पंधराच्या घरात जातं. बफर १२८ केला की गठ्ठा २.७ चा, ६४ केला की १.३ चा. १०२४ वर मात्र एकट्या गठ्ठ्याचे २१.३.

हवेत आवाज एका मिलीसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. म्हणजे दहा मिलीसेकंदांचा उशीर साडेतीन मीटर लांब बसलेल्या माणसाचं ऐकण्याइतका. ढोलकवाल्याला तो चालून जातो, कारण मंडपात तो पेटीपासून तितका लांब बसलेला असतोच. गायकाला चालत नाही. का? कारण गायकाचा आवाज त्याच्या कानाला दोन वाटांनी येतो, एक हाडांमधून लगेच, आणि दुसरा हेडफोनमधून उशिरा. दोन्ही एकमेकांत मिसळतात तेव्हा काही स्वरपट्टे एकमेकांना खातात. उशीर फक्त दोन मिलीसेकंद असला तरी खड्डे पडतात २५० हर्ट्झवर, मग ७५०, मग १२५०. २५० च्या आसपास माणसाच्या आवाजाचं अंग असतं. तेच गेलं की गायकाला आपला आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा लागतो. हा उशीर त्याला उशीर म्हणून ओळखू येत नाही. तो म्हणतो, ‘आज आवाज बसला वाटते’. आवाज ठणठणीत असतो.

विंडोजवर काम करत असाल तर आधी ड्रायव्हर तपासा. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये एएसआयओ ही ड्रायव्हरची पद्धत आणली ती याच दुखण्यावर. इंटरफेस बनवणाऱ्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाका आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा. मॅकवर कोअर ऑडिओ असतंच. मग रेकॉर्डिंगच्या वेळी बफर ६४ किंवा १२८, आणि मिक्सिंगला बसलात की ५१२ किंवा १०२४. दोन्ही कामांना एकच आकडा ठेवायचा हट्ट करू नका.

बफर कमी असूनही उशीर जाणवत असेल तर मास्टरवर काय बसलंय ते बघा. लिनिअर फेज इक्वलायझर, पुढचं आधी बघून काम करणारे लिमिटर, असली प्लगइन स्वतःचा उशीर जोडतात, आणि सॉफ्टवेअर सगळ्या ट्रॅकांना त्यांच्यासाठी थांबवून ठेवतं. रेकॉर्डिंगपुरती ती बंद ठेवा. लॉजिकमध्ये लो लेटन्सी मोड आणि क्यूबेसमध्ये कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन हेच काम एका बटणावर करतात. प्रोजेक्ट फारच जड झाला असेल तर आतापर्यंतच्या सगळ्याची एक स्टिरिओ फाइल काढा, नव्या कोऱ्या प्रोजेक्टमध्ये टाका आणि तिच्यावर गायकाला गाऊ द्या.

इथे नागपूरचा उन्हाळा मध्ये येतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, आणि टेकच्या वेळी कूलर बंद ठेवावाच लागतो, कारण त्याची घरघर कंडेन्सर माइक इमानदारीने टिपतो. खोली तापते, लॅपटॉप तापतो, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि सकाळी १२८ वर बिनतक्रार चाललेला प्रोजेक्ट दुपारी कडकड वाजायला लागतो. अशा वेळी बफर २५६ करून गायकाला उशीर देण्यापेक्षा दुसरा रस्ता धरा.

तो रस्ता म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग. बहुतेक इंटरफेसवर त्याचं बटण किंवा मूठ असते. माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये जायच्या आधीच त्याचा एक फाटा हेडफोनला मिळतो, उशीर जवळपास शून्य. मग बफर १०२४ असला तरी गायकाला फरक पडत नाही. एकच पथ्य: सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करायचं. दोन्ही चालू राहिली की गायकाला आपलाच आवाज दोनदा येतो आणि तो म्हणतो, ‘हे काय भुतावळ लावली’. आणखी एक बारकावा. दोन इनपुटच्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर स्टिरिओवर असेल तर पहिल्या इनपुटचा आवाज फक्त डाव्या कानात येतो. ते मोनोवर ठेवा.

डायरेक्टचा तोटा असा की आवाज कोरडाठाक येतो. देवळात, मंडपात गाणाऱ्याला कोरडा आवाज सहन होत नाही, तो गुंज मागतो. त्यावर एक युक्ती आहे, आणि मला ती या सगळ्या विषयातली सगळ्यात गोड वाटते. सॉफ्टवेअरमध्ये गायकाच्या ट्रॅकचं मॉनिटरिंग चालू करा, पण तो ट्रॅक मास्टरला किंवा कानाला जाऊ देऊ नका. त्याचा फक्त एक सेंड रिव्हर्बच्या, म्हणजे गुंज तयार करणाऱ्या प्लगइनच्या, ट्रॅकला द्या, रिव्हर्ब शंभर टक्के ओला (मूळ आवाज नाही, फक्त गुंज) ठेवा, आणि रिव्हर्बचा ट्रॅक ‘कान – गायक’ला जोडा. कोरडा आवाज इंटरफेसमधून तत्काळ, गुंज कॉम्प्युटरमधून बारा-पंधरा मिलीसेकंदांनी. पण गुंजीला तर उशीर हवाच असतो! खऱ्या सभागृहातही भिंतीवरून परतलेला आवाज मागूनच येतो. जो उशीर गायकाचा शत्रू होता तोच इथे कामाला लागला. आणि हा रिव्हर्ब फाइलमध्ये रेकॉर्ड होत नाही, नंतर हवा तो लावायला तुम्ही मोकळे.

डायरेक्ट लावूनही कुणाला आवाज पातळ लागत असेल तर हेडफोनच्या वाटेवर पोलॅरिटी (आवाजाच्या लाटेची वर-खाली दिशा) उलटवून बघा, इंटरफेसच्या मिक्सरमध्ये तसं बटण असेल तर. हाडांतून येणारा आणि वाटीतून येणारा आवाज एका वेळी एकमेकांना ढकलत असतात, उलटवल्यावर हात देतात. जे भरीव लागेल ते ठेवा.

ब्लूटूथ हेडफोनबद्दल एकच वाक्य पुरे: त्यात शंभर-दोनशे मिलीसेकंदांचा उशीर सहज असतो, तेव्हा रेकॉर्डिंगच्या खोलीत तो आणूच नका.

दोनच आउटपुट असतील तर

वर ३-४ आउटपुट म्हटलं, पण स्वस्तातल्या इंटरफेसला दोनच असतात आणि हेडफोनलाही तेच १-२ जातात. म्हणजे तुम्ही आणि गायक एकच ऐकणार. मग टेकच्या वेळी ते मिक्स गायकाचं समजा. तुम्ही मीटर बघा, टेक झाला की मागे जाऊन ऐका. यात कमीपणा काही नाही. फारच गरज असेल तर डावा आउटपुट गायकाला, उजवा तुम्हाला, असे दोन मोनो मिक्स काढता येतात. पॅन पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे, आणि सीताबर्डीवरच्या कुठल्याही ऑडिओच्या दुकानात मिळणारी फाट्याची वायर.

मागून धरणाऱ्या तिघा-चौघांसाठी चार जणांचा हेडफोन अँप्लिफायर घ्या, बेहरिंगरच्या एचए-४०० सारखा. एक स्टिरिओ इनपुट, चार हेडफोन, प्रत्येकाची आवाजाची मूठ वेगळी. मिक्स सगळ्यांना एकच जातं, पण कोरसला तेवढं चालतं. नुसत्या वाय-वायरने दोन हेडफोन वाटून देऊ नका. ऑडिओ-टेक्निकाचा एम-५० एक्स हेडफोन ३८ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) आणि बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो २५० ओहमचा, हे एकाच वायरवर लावले तर एकाला कानठळ्या आणि दुसऱ्याला कुजबुज.

हेडफोन बंद पाठीचेच हवेत. उघड्या पाठीचे मिक्सिंगला छान, पण माइकसमोर ते गळतात. गळती सगळ्यात आधी कळते ती क्लिकची, म्हणजे ताल धरायला कानात वाजणाऱ्या टकटकीची, दोन ओळींमधल्या शांततेत टक टक टक. शेवटच्या ओळीनंतर पेटीचा सूर विरत असताना तर फारच. म्हणून क्लिकचा आवाज गाण्याच्या शांत जागी ऑटोमेशनने (सॉफ्टवेअरला आधीच आखून दिलेल्या बदलाने) खाली आणा आणि शेवटच्या समेनंतर तोडून टाका.

खरं तर भजनाला क्लिकच नको असं माझं मत आहे. आठ मात्रांचा केरवा हाडात मुरलेल्या खंजिरीवाल्याला टक-टक ऐकवली की त्याची खंजिरी शाळकरी होते. त्याऐवजी केरव्याचा साधा ठेका लूप करून द्या, त्यात सम कळते. आणि जिथे शेवटाकडे लय चढत जाते, तिथे ठेक्याचा लूपही नको. गायक, पेटी आणि खंजिरी एकदम बसवून एक कच्चा ट्रॅक घ्या, मग सॉफ्टवेअरचा टेम्पो त्या ट्रॅकवर बेतून घ्या. माणसाला यंत्रामागे पळवण्यापेक्षा यंत्राला माणसामागे चालवलेलं बरं.

कामाचा क्रम

खंजिरीच्या झांजांची किणकिण गायकाच्या माइकमध्ये घुसली की ती काढता येत नाही, म्हणून पक्की खंजिरी वेगळी घ्यायची. मी हा क्रम धरतो: आधी तो कच्चा ट्रॅक, सगळ्यांनी मिळून, चुका झाल्या तरी चालतील असा. त्यावर ढोलक, मग पेटी, मग मुख्य गायक, मग मागून धरणारे, आणि सगळ्यात शेवटी खंजिरी. खंजिरी शेवटी का? कारण खंजिरीवाला गायकाच्या शब्दांवर जागा घेतो, आणि पक्का आवाज कानात असला की तो भलताच खुलतो. कच्च्या ट्रॅकमधली जुनी खंजिरी तेव्हा त्याच्या कानातून काढायला विसरू नका.

टेम्प्लेट आदल्या दिवशी तयार ठेवा: ट्रॅकांना नावं, सेंड जोडलेले, रिव्हर्ब लावलेला, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. नाव रेकॉर्ड करण्याआधीच द्या, कारण रीपरमध्ये फाइलला मुळात ट्रॅकचंच नाव लागतं. ‘ट्रॅक ३’ नावाच्या फाइलींतून नंतर अंतरा शोधणं म्हणजे वैताग. कूलर बंद असताना गायक पाच-सहा मिनिटं ताजा असतो, तो वेळ तुमच्या वायरी शोधण्यात घालवू नका.

टॉकबॅकची, म्हणजे गायकाच्या कानात बोलायची, सोय हवीच. तुमच्या बाजूला एक साधा माइक, त्याचा ट्रॅक फक्त ‘कान – गायक’ला जोडलेला, रेकॉर्ड न होणारा. हातवारे करून सांगितलेलं कधीच नीट पोचत नाही, आणि ‘पुन्हा एकदा घेऊ, छान होतंय’ हे कानात आलं की माणूस निवांत होतो.

टेक पुसायचे नाहीत. रीपरच्या २०२३ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून लेनची सोय आहे: प्रत्येक टेक एकाखाली एक राहतो आणि चांगला तुकडा माउसने ओढून निवडता येतो. बाकी सॉफ्टवेअरमध्येही या ना त्या रूपात हे आहे. एकेक ओळ तोडून घेण्यापेक्षा पूर्ण कडवं तीनदा गाऊन घ्या, सुराचा आणि भावाचा धागा टिकतो. एखादीच ओळ दुरुस्त करायची असेल तर पंच-इन (मधूनच रेकॉर्डिंग सुरू व्हायची जागा) श्वासाच्या आधी ठेवा, श्वासानंतर नाही. दोन आवर्तनं आधीपासून वाजवा आणि गायकाला त्या आधीच्या ओळीही गाऊ द्या, म्हणजे आवाजाची धार जुळते. जोडावर पाच-दहा मिलीसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असताना दुसरा वर येणं) पुरतो.

रेकॉर्ड केलेला आवाज सतत किंचित मागे बसतोय असं वाटलं तर एक तपासणी करा. इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये एक वायर जोडा, क्लिक वाजवा, ती दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा आणि झूम करून फरक मोजा. फरक दिसला तर तेवढे सॅम्पल प्रेफरन्सेसमध्ये भरून टाका. या वेळी मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर आवाज गोल फिरत शिट्टी मारेल.

कानांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या निओश या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ९४ ला एकच तास. मंडळाचं सत्र सहज तीन-चार तास चालतं, तेव्हा मधे वाट्या काढून चहा घ्यायला लावा.

आणि सत्र उद्यावर जाणार असेल तर प्रोजेक्ट सेव्ह केला म्हणजे सगळं वाचलं असं समजू नका. गेनची मूठ, डायरेक्ट मॉनिटरचं बटण, हेडफोन अँप्लिफायरच्या चार मुठी, यातलं काहीच प्रोजेक्ट फाइलमध्ये जात नाही. माइकसमोर गायक किती लांब उभा होता तेही नाही. जमिनीवर चिकटपट्टीने पायाची खूण करा आणि सगळ्या मुठींचा मोबाइलवर फोटो काढून प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी काकाजी ‘कालच्यासारखं करून दे’ म्हणतील, तेव्हा कालचं म्हणजे नेमकं काय होतं ते त्या फोटोत सापडेल.